बिल निघतं, पाणी का निघत नाही?

‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण ज्यानं केली तो फार आशावादी माणूस असावा. मराठवाड्यात कुठल्याही गावात नव्या योजनेची बातमी आली की पारावरून पहिला प्रश्न येतो, “कागदावर का जमिनीवर?” विचारणारा चिडलेला नसतो. तंबाखू मळता मळता, पाऊस येईल का विचारावं तशा सहज आवाजात तो विचारतो. पुण्याच्या एका मित्रानं मला तोंडावर सांगितलं होतं, “तुम्हा लोकांना रडायची सवयच लागलीय.” त्याला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देऊन बघतो.

ही शंका आळसातून आलेली नाही, आणि आंधळीही नाही. इथल्या माणसानं सरकारला मोठी कामं पार पाडताना पाहिलेलं आहे. त्याला खटकतं ते मोजमाप. सरकार एक गोष्ट मोजतं, हा दुसरी मोजतो, आणि दोन्ही हिशेब खरे असूनही जुळत नाहीत.

पाटबंधाऱ्यापासून सुरू करू. तिथं दोन शब्द आहेत: ‘सिंचन क्षमता’ आणि ‘प्रत्यक्ष सिंचन’. ऐकायला जुळे भाऊ, पण एक बंगल्यात राहतो आणि दुसऱ्याच्या घरात चूल नाही. धरणाची भिंत झाली, पाणी अडलं, कालवा खणला, की त्या कालव्याखाली जेवढी जमीन भिजू शकेल तेवढी क्षमता ‘निर्माण झाली’ म्हणून नोंदवतात. भिजू शकेल, एवढंच. कालव्यापासून चारी, चारीपासून पोटचारी, तिच्यापासून शेतचारी झाली का, वरच्या माणसानं चारी फोडून ऊस भिजवला का, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाच्या, माणसाच्या बांधापर्यंत पाणी पोचलं का, हा सगळा दुसऱ्या शब्दाचा प्रांत.

या दोन शब्दांतल्या दरीत 2012 साली राज्याचं राजकारण हादरलं. 2011-12 च्या आर्थिक पाहणी अहवालातून असं चित्र निघालं की दहा वर्षांत सुमारे 70 हजार कोटी रुपये खर्चून सिंचनाखालचं क्षेत्र वाढलं ते 0.1 टक्का. जलसंपदा खात्यानं त्याच वर्षी नोव्हेंबरात श्वेतपत्रिका काढून हा आकडा खोडला. मग त्या सगळ्याची चौकशी करायला माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्यात भ्रष्टाचार किती आणि काय, तो वेगळा विषय. आपल्या कामाची गोष्ट पुढं घडली. आर्थिक पाहणीत सिंचित क्षेत्राच्या टक्केवारीच्या जागी पुढची बरीच वर्षं ‘उपलब्ध नाही’ एवढंच छापून येत राहिलं. ज्या आकड्यावरून भांडण झालं, तो आकडाच गेला. लोकांच्या मनातली शंका असल्या कोऱ्या रकान्यात मुक्काम करते.

जायकवाडी घ्या. पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, लोकार्पण 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते. साठा एकूण सुमारे 102 टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यातला जिवंत साठा साडेशहात्तरच्या आसपास. डावा कालवा 208 किलोमीटर, उजवा 132. धरण खरं आहे, कालवे खरे आहेत, पैठणला उभं राहिलं की नाथसागराचं दुसरं टोक दिसत नाही. पण वर नाशिक-नगरकडं धरणांची रांग आहे, आणि खाली ज्या कालव्याची आखणी आठमाही पिकांसाठी झाली त्याच्यावर ऊस उभा आहे. परभणीकडच्या शेवटच्या चाऱ्यांवरच्या शेतकऱ्याला जायकवाडी म्हणजे काय, असं विचारून बघा. तो 102 टीएमसी सांगणार नाही. या उन्हाळ्यात पाण्याच्या किती पाळ्या मिळाल्या, ते सांगेल.

आता कामाचं बिल कसं निघतं ते पाहू. सगळ्या गोंधळाची किल्ली इथंच आहे असं मला वाटतं.

समजा गावाला नळयोजना मंजूर झाली. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग टेंडर. टेंडरात सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम. त्यामुळं गुत्तेदार ‘बिलो’ भरतात, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के खाली. तेवढ्या पैशात काम होणार नाही हे भरणाऱ्यालाही माहीत असतं आणि उघडणाऱ्यालाही. काम सुरू झालं की कनिष्ठ अभियंता ‘एमबी’ लिहितो. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका: इतके मीटर पाइप, इतके घनमीटर खोदकाम, इतक्या क्षमतेची टाकी. बिल एमबीवर निघतं. नळाला पाणी आलं का, असा रकाना एमबीत नसतो.

म्हणून योजना शंभर टक्के पूर्ण होऊ शकते आणि नळ कोरडा राहू शकतो, आणि कागदात कुठंही खोटं नसतं. जलजीवन मिशनचं उदाहरण ताजं आहे. 2019 च्या 15 ऑगस्टला घोषणा झाली, उद्दिष्ट दर माणशी दिवसाला 55 लिटर, मुदत 2024 पर्यंत; ती पुढं 2028 पर्यंत वाढवली. मराठवाड्यातल्या योजनांची खरी नस आहे ‘उद्भव’, म्हणजे पाणी जिथून उचलायचं ती विहीर, तलाव किंवा बोअर. पावसाळ्यात पाहणी केली तर उद्भव भरलेला असतो. मार्चमध्ये तोच तळ दाखवतो. काळ्या पाषाणाच्या या पठारावर भूगर्भात पाणी साठायला जागाच थोडी. भेगांत आणि वरच्या मुरमात मावेल तेवढंच. पाइप मोजता येतो, टाकी मोजता येते. मे महिन्यातलं पाणी डिसेंबरात मोजता येत नाही.

जलयुक्त शिवारचंही असंच झालं, फक्त आकडे मोठे. 2014 च्या डिसेंबरात योजना जाहीर झाली, 2019 पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करायचा, दरवर्षी पाच हजार गावं. कामं झाली, हे खरं. मी स्वतः नाल्यात रात्रंदिवस चालणारे जेसीबी पाहिलेत, आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर भरलेल्या डोहाचे फोटो काढणाऱ्यांत मीही होतो. काही गावांत विहिरींना खरंच दोन महिने जास्त पाणी राहिलं. पण 2020 मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेचा, अहवाल विधिमंडळात आला. सुमारे 9,634 कोटी रुपये खर्चून भूजल पातळी वाढवण्यात आणि गावं पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्यात योजनेचा परिणाम अल्प, असं त्यात होतं. गावाचा ताळेबंद जमतो कसा? पाणी जेवढं वाढलं तेवढी तहानही वाढली. नाला खोल झाला, विहिरीला पाणी आलं, की शेजारी नवा ऊस, नवं बोअर. पुरवठ्याची बाजू सरकारनं मोजली, मागणीच्या बाजूकडं कुणी बघितलं नाही. तिला हात लावायचा म्हणजे माणसांना नाराज करायचं, आणि नाराज करायला कुठल्या योजनेत निधी नसतो.

त्यात सरकार बदललं की नावं बदलतात. जलयुक्त 2019 नंतर थांबली, 2023 मध्ये ‘2.0’ होऊन परत आली. मराठवाडा वॉटर ग्रीडचं तसंच: अकरा मोठी धरणं बंद पाइपनं जोडायची, इस्रायलच्या कंपनीकडून आराखडा, मोठा गाजावाजा, मग पुढच्या सरकारनं हात आखडता घेतला, त्याच्या पुढच्यानं पुन्हा फाइल काढली. कृष्णा खोऱ्यातून मराठवाड्याला 23.66 टीएमसी पाणी देण्याचं वचन आहे, त्यातल्या पहिल्या 7 टीएमसीसाठीच किती निवडणुका गेल्या ते धाराशिव-बीडच्या लोकांना तोंडपाठ आहे. एकाच पक्षाला शिव्या घालून मोकळं होता येत नाही, ही या विषयाची अडचण.

बाकी कारणं सगळ्यांना माहीत असलेलीच, म्हणून भराभर. निधी वर्षभर येत नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, आणि 31 मार्चला खर्ची पडला नाही तर ‘व्यपगत’ होतो. मग मार्चअखेर जे होईल ते काम. तलाठ्याकडं स्वतःचा सज्जा, म्हणजे नेमून दिलेली गावं, असतो आणि शेजारच्याचा ‘अतिरिक्त कार्यभार’. इकडची बदली म्हणजे शिक्षा, असं मानणारे साहेब येतानाच परतीच्या खटपटीत असतात. दिरंगाई झाली की खर्च वाढतो, खर्च वाढला की ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, आणि ती मिळेपर्यंत पुन्हा दिरंगाई. छत्रपती संभाजीनगरच्या पाणीयोजनेचं भूमिपूजन 2020 च्या डिसेंबरात झालं तेव्हा किंमत 1,680 कोटी होती. ती पुढं 2,740 कोटींवर गेली. जायकवाडीपासून शहर पन्नासेक किलोमीटरवर. नळाला पाणी कधी येणार ते मात्र शहरातल्या बायका वारांवरून नव्हे, आठवड्यांवरून सांगतात.

पीक विम्यावर थोडं थांबू या, कारण शंका कशी वाढते ते तिथं सगळ्यात स्वच्छ दिसतं.

माणसाला वाटतं, माझं पीक गेलं तर मला पैसे. योजना तशी नाही. ती महसूल मंडळावर चालते, आणि एका मंडळात कितीतरी गावं येतात. मंडळातल्या काही शेतांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं जागा निवडून पीक कापणी प्रयोग होतात. मंडळाचं यंदाचं उत्पन्न मुख्यतः त्यांच्या सरासरीवरून ठरतं. दुसऱ्या बाजूला ‘उंबरठा उत्पन्न’ असतं: मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाचांची सरासरी, गुणिले जोखीमस्तर, म्हणजे त्या सरासरीचा जेवढा टक्के हिस्सा विमा धरतो तो.

आकड्यांत बघू. समजा सोयाबीनची पाच वर्षांची सरासरी हेक्टरी 15 क्विंटल, जोखीमस्तर 70 टक्के. उंबरठा झाला साडेदहा क्विंटल. यंदा मंडळाची सरासरी आली 8.4. म्हणजे उंबरठ्यापेक्षा 2.1 नं कमी, वीस टक्के तूट. विमा रक्कम हेक्टरी 50 हजार धरली तर प्रत्येकाला हेक्टरी 10 हजार. आता गंमत बघा. नदीकाठी ज्याचं सगळं वाहून गेलं त्यालाही 10 हजार, आणि माळावर ज्याला बारा क्विंटल झालं त्यालाही 10 हजार. आणि मंडळाची सरासरी साडेदहाच्या एक दाणा वर गेली तर दोघांनाही शून्य. शिवाय सलग तीन-चार वर्षं दुष्काळ पडला की मागची सरासरीच खाली येते, उंबरठा बुटका होतो, आणि जिथं दुष्काळ नेहमीचा तिथंच विमा मिळणं अवघड होऊन बसतं. मराठवाड्यासाठी हा नियम म्हणजे पायाला धोंडा बांधून पळायला लावण्यासारखा आहे, असं माझं स्पष्ट मत.

यात अजून कुणी चोरी केलेली नाही. पण नदीकाठच्या माणसाला हे गणित कुणी समजावलेलं नसतं. त्याला एवढंच दिसतं की आपलं गेलं आणि माळावरच्याला आपल्याइतकेच मिळाले. मग तो म्हणतो, सगळे एकमेकांना सामील आहेत.

2020 मध्ये बीड जिल्ह्याचा विमा घ्यायला कंपन्या तयार होईनात, तेव्हा एक तोड निघाली. भरपाई जमलेल्या हप्त्याच्या 110 टक्क्यांच्या वर गेली तर वरचं सरकार भरेल, आणि भरपाई कमी झाली तर कंपनीनं वीस टक्क्यांपर्यंत ठेवून बाकी हप्ता सरकारला परत द्यायचा. याला ‘बीड पॅटर्न’ म्हणतात, आणि तो पुढं राज्यभर लागू झाला. आपल्या भागातून मुंबईला गेलेली ही एक शहाणी गोष्ट. मग 2023 च्या खरिपापासून राज्यानं शेतकऱ्याचा हिस्सा भरायचं ठरवलं आणि विमा एक रुपयात आला. तेव्हा शंकेखोर मनानं काय केलं? “एक रुपयाचं तर काय, भरून टाक. मिळालं तर मिळालं.” त्यातले बहुतेक भोळे होते. काही भोळे नव्हते. गायरानावर, देवस्थानाच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर विमे उतरले, आणि बोगस विम्याच्या बातम्यांत बीडचं नाव पुन्हा पुढं आलं. 2025 मध्ये एक रुपया गेला. खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना पाच टक्के हप्ता परत आला. त्याच वेळी स्थानिक आपत्तीसारखी जादा संरक्षणं काढून फक्त पीक कापणीच्या सरासरीवर भरपाई ठेवली. म्हणजे 72 तासांत ॲपवर फोटो टाकून स्वतःच्या शेताचं नुकसान कळवायची वाट बंद. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात सिंदफणा, मांजरा, गोदावरी सगळ्याच शेतात आल्या. माती खरवडून गेली, गुरं वाहून गेली. सरकारला ऑक्टोबरात 31,628 कोटींचं मदत पॅकेज वेगळं जाहीर करावं लागलं.

हा फेरा नीट बघितला पाहिजे. भरवसा नाही म्हणून लोक योजनेकडं लॉटरीसारखं बघतात, लॉटरी झाली की लबाड घुसतात, लबाडांना रोखायला नियम आवळतात, आणि आवळलेले नियम नेमके प्रामाणिक माणसाच्या गळ्याशी येतात. पुढच्या योजनेच्या वेळी तोच माणूस पारावर बसून विचारतो, “कागदावर का जमिनीवर?”

आता मित्राच्या आरोपाला उत्तर. सरकारला जमतच नाही, असं आम्ही म्हणतो का? घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारा. खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली माणसं आहेत अजून. 1973 च्या मे महिन्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. त्याच काळात वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना आकाराला येत होती. पुढं 1977 चा कायदा आला, तो 1979 च्या 26 जानेवारीपासून लागू झाला, शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून पैसा उभा राहिला, आणि 2005 मध्ये देशानं ती कल्पना उचलली. हजेरीपटावरच्या खोट्या नावांचे किस्सेही त्याच काळातले, ते नाकारत नाही. तरी उपाशी माणसाला कामावर जायला वाट होती.

दुसरं उदाहरण किल्लारीच्या भूकंपाचं. 30 सप्टेंबर 1993, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाची पहाट. हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं, 52 गावं नव्या जागी वसवली, आणि हजारो गावांतल्या घरांची दुरुस्ती घरमालकांच्याच हातून करून घेतली. गावोगाव ‘संवाद सहायक’ नेमले, त्यात बायका पुष्कळ. नवी गावं शहराच्या लेआउटसारखी पसरली, शेतं लांब पडली, स्लॅबची घरं उन्हाळ्यात तापतात म्हणून लोकांनी पुढं पत्रे टाकले. तक्रारी आजही आहेत. पण घर मिळालं नाही म्हणणारा शोधावा लागतो. लातूरची पाण्याची रेल्वे तशीच. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून ‘जलदूत’ निघाली, पहिल्या फेरीत दहा वाघिणी, मग पन्नास. मिरज ते लातूर पाणी उचलणं, चढवणं, उतरवणं, विहिरीत सोडणं, सगळं काही दिवसांत जमवलं.

आणि एक उदाहरण विसरलं जातं. 2017 ची कर्जमाफी आणि 2019 ची कर्जमाफी. तेच तलाठी, त्याच बँका. पहिल्या वेळी ऑनलाइन अर्ज, नवरा-बायकोनं मिळून केंद्रावर रांगेत उभं राहायचं, बँकांनी 66 रकाने भरायचे, निकषांवर निकष. याद्या चुकल्या, लोक महिनोन्‌महिने हिरव्या यादीत नाव शोधत फिरले. दुसऱ्या वेळी अर्जच नव्हता. बँकेनं थकीत खात्यांची यादी द्यायची, दोन लाखांपर्यंतचं कर्ज, शेतकऱ्यानं जाऊन अंगठा लावायचा. बरंच सुरळीत पार पडलं. कर्जमाफी शहाणपणाची की नाही हा वाद बाजूला ठेवा. दोन वर्षांत यंत्रणा हुशार झाली नव्हती, नियम सोपा झाला होता.

या सगळ्या यशांत लोकांचं माप आणि सरकारचं माप एकच होतं. घर मिळालं का, गाडी आली का, अंगठा लागला का. हो किंवा नाही. आणि काम एकदाच करायचं होतं. उलट, जे वर्षानुवर्षं सांभाळायचं असतं तिथं आपण घसरतो. कोल्हापुरी बंधारा बघा. पावसाळा सरता सरता त्याला बरगे, म्हणजे लोखंडी दारं, बसवायची. पुढच्या पावसाआधी काढायची. एवढंच काम. बरगे कुणी टाकायचे, जलसंधारण खात्यानं, जिल्हा परिषदेनं, की ग्रामपंचायतीनं? या प्रश्नात ऑक्टोबर जातो आणि पाणीही जातं. काही ठिकाणी बरगे भंगारात विकले गेले. बंधाऱ्याचं उद्‌घाटन होतं. बरगे टाकायला नारळ कोण फोडणार?

म्हणून मला वाटतं, पारावरचा प्रश्न थोडा बदलायला हवा. “झालं का?” ऐवजी “सांभाळणार कोण, आणि मोजणार काय?” एमबीची प्रत माहिती अधिकारात मिळते. नळयोजनेचा उद्भव कोणत्या महिन्यात तपासला ते ग्रामसभेत विचारता येतं. ग्रामसेवक आधी डोकं खाजवतो, मग फाइल काढतो. आणि सोयाबीन काढणीला आलं की गावात पीक कापणी प्रयोग कुठल्या गटात आणि कोणत्या दिवशी आहे ते कृषी सहायकाला विचारून ठेवा. बहुतेक वेळा तिथं तो, शेतमालक आणि मळणीची दोन माणसं, एवढेच असतात. काट्यावर जो आकडा येतो तो सगळ्या मंडळाच्या सरासरीत धरला जातो. काटा चालू होताना शेजारी चार-पाच जण उभे असले तर कुणाची हरकत नसते. यंदा आम्ही जाणार आहोत. दुपारी ऊन फार असतं, म्हणून सकाळीच.